तीन वीत, चार बोटं

ताईकडे सायकल करून घ्यायला कोणी आलं की ती त्याला आधी स्टुलावर बसवायची आणि विचारायची, "कुठं दुखतं?" रंग, गिअर, खर्च हे सगळं नंतर. सिन्नरच्या कारखान्यात उभ्यानं पाळी करणारा कामगार असो की गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, फुलं विकणारी बाई, प्रत्येकाचं दुखणं ती आधी वहीत उतरवून घ्यायची. मान, कंबर, उजव्या हाताची दोन बोटं. मग मापं. महिन्या-दोन महिन्यांनी ते माणूस सायकल घेऊन जायचं आणि पुढच्या आठवड्यात परत यायचं ते बहुधा शेजाऱ्याला घेऊन.

कुमुदताई माझी थोरली बहीण. आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला शिकवून ती निवृत्त झाली आणि पंचवटीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं हे काम काढलं. रस्त्यावर वेगानं पळणाऱ्या गिअरच्या सायकली मुळात तरुण, लवचीक अंगांसाठी केलेल्या असतात. पन्नाशीचा माणूस त्यावर बसला की कमरेत दुमडतो आणि बोटं बधिर करून घेतो. ताई तीच फ्रेम ठेवून हँडल वर आणायची, टायर रुंद घालायची, चढासाठी मागे मोठं दातेरी चक्र बसवायची आणि हँडलच्या टेपखाली जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळायची. त्या पट्टीची मऊ पकड मी कुठल्याही महागड्या सायकलीवर पाहिलेली नाही. "शिंपी अंगाला कपडा कापतो," ती म्हणायची, "कपड्याला अंग कापत नाही."

मी ग्रंथपाल. पाठ दुखते आणि चष्म्याशिवाय काही दिसत नाही. दर मार्गशीर्षात ताई सायकलनं सुरगाण्याकडे जायची आणि दर वर्षी मला चल म्हणायची. मी दर वर्षी पुढच्या वर्षीचं आश्वासन द्यायचो. लोकांना माझी ओळख ती "पुस्तकात घाट चढणारा माझा भाऊ" अशी करून द्यायची. शेवटी तिनंच माझी सायकल करायला घेतली. ती अर्धी असतानाच आजार आला, आणि श्रावणात ताई गेली.

मागे राहिली फ्रेम, सुट्या भागांचा डबा आणि वही. वहीत प्रत्येकाच्या नावाचं पान आहे आणि मापं मिलिमीटरमध्ये आहेत. अक्षर असं की छापल्यासारखं. शेवटचं पान माझं. त्यावर फक्त दोन ओळी:

*सीट – तीन वीत चार बोटं.*
*हँडल – दोन वीत सात बोटं.*

तीस वर्षं पोरांना अर्ध्या मिलिमीटरसाठी कानस परत हातात घ्यायला लावणाऱ्या बाईनं वीत आणि बोटं लिहिली होती. मी ते पान पुन्हापुन्हा वाचलं. दुसरं काही हाती लागलं नाही.

नाशिक

सायकल जोडली रफिकभाईंनी. जुन्या नाशकात त्यांचं दुकान आहे आणि ताईची जोडणीची सगळी कामं त्यांच्याकडे असत. पान त्यांनी उजेडाकडे धरून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "सर, पायाचं माप घेऊ आपण. ताईंची रीत मला ठाऊक आहे."

ताईची रीत अशी, की माणसानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि मांड्यांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घट्ट धरायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची लांबी. मी त्याला कधी तयार झालो नव्हतो. पुस्तकाला चुकून पाय लागला तर ते कपाळाला लावणारा माणूस मी, पुस्तक मांड्यांत कसं धरणार? त्यावरून ताईचं आणि माझं दोनदा वाजलंही होतं. पण रफिकभाईंना मी नाही म्हटलं ते त्यासाठी नव्हे. तिनं लिहिलेलं असताना पुन्हा मोजायचं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवायचा, असं मला वाटलं.

"ताईनं लिहिलंय तेच बसवा," मी म्हणालो.

"बसवतो. पण वीत कोणाची?"

मी शेडमधल्या खिळ्यावरचा तिचा कामाचा हातमोजा आणला. छोटा, तळव्याला काळा पडलेला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणून आम्ही त्याची वीत धरली. रफिकभाईंनी सीट त्या उंचीवर आवळली. हँडल फ्रेमला ज्या तुकड्यानं जोडतात त्याला स्टेम म्हणतात. ताईनं डब्यात आणून ठेवलेली स्टेम या मापाला लांब पडली, म्हणून त्यांनी दुकानातली आखूड बसवली. सायकल उभी केली तर सीटवर बसून माझे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकत होते.

"अशी सायकल ताईंनी कधी केली नाही," रफिकभाई हळूच म्हणाले. "वाईट मानू नका सर. शेवटी शेवटी औषधं लय होती ना."

वाईट वाटलंच. त्यांनी माझ्याच मनातलं बोलून दाखवलं होतं. आजारानं तिचं शरीर नेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचा हिशेबही नेला का, तिचं शेवटचं काम चुकलं का, हे या सायकलीवर बसूनच कळणार होतं. ताई जायची त्याच दिवसांत, त्याच वाटेनं मी निघालो. हातमोजा हँडलवरच्या पिशवीत ठेवला होता. मोजायचा टेप नव्हता. ताईनं मला आजवर तीन टेप दिले होते. दोन हरवले आणि तिसरा, कापडी, एका शब्दकोशात खूण म्हणून वर्षभर राहिला आणि त्या कोशाबरोबरच कोणीतरी नेला.

वणीपर्यंत

दिंडोरी सोडेपर्यंत मी खुशीत होतो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घडांना वाटाण्याएवढे हिरवे मणी आलेले. रस्ता अधूनमधून उखडलेला होता, पण रुंद टायर खड्डा गिळून टाकत. ज्या पाठीला एसटीत अर्ध्या तासात कळ लागते, ती दोन तास गप्प होती. हे ताईचं काम, असं मी स्वतःशी मोठ्यानं म्हणालो. ऐकायला कोणी नव्हतं.

मग गुडघे बोलू लागले. आधी उजवा, मग दोन्ही. पायडल वर आलं की गुडघा पोटाशी यायचा आणि हँडल छातीशी. चहाला थांबलो तिथं टोमॅटोचे क्रेट भरून उभा असलेला एक शेतकरी मला येताना बघत होता. त्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"काका, सायकलवर बसलात का जेवायच्या पाटावर?"

टपरीवरची माणसं हसली. मीही हसलो. त्यानं सायकलभोवती एक फेरी मारली, मागचं चक्र बोटानं फिरवून पाहिलं. चांगल्या हातची सायकल हाय, पण सीट तेवढी दुसऱ्याची लावली काय, असं विचारलं. मी बहिणीनं केली म्हणून सांगितलं. त्यावर तो लगेच गंभीर झाला आणि चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत. घरच्या माणसाच्या कामाची थट्टा केली, तर इकडे अशी भरपाई करतात.

वणीला धर्मशाळेत उतरलो. गुडघ्यांना तेल चोळताना मी स्वतःला समजावलं. ताईला माझा भित्रेपणा माहीत होता. पाय जमिनीला टेकावेत म्हणूनच तिनं सीट खाली घेतली असणार. हे स्पष्टीकरण मला पटलं आणि त्याचं वाईटही वाटलं. तिनं मला शेवटपर्यंत पडणारा माणूसच समजावं?

घाट

वणी सोडून बोरगावकडे निघालं की डोंगर अंगावर येतात. घाटात तासाभरात मी चार वेळा उतरलो. पाचव्यांदा उतरलो तो परत चढलोच नाही. मागच्या मोठ्या चक्रामुळे पायडल हलकं होतं, दम भरपूर होता, पण गुडघा प्रत्येक फेऱ्याला आतून टोचत होता. सायकल हातात धरून चालत वर आलो. बोरगावजवळ रस्त्याकडेला बाया टोपल्यांतून स्ट्रॉबेरी विकत होत्या. आमच्याकडे हे फळ डब्यात, कागदावर मांडून येतं. इथं पळसाच्या पानावर मूठभर देतात आणि सोबत मिठाची पुडी. आंबटपणा मिठानं उतरतो, हे मला इतक्या वयात कळलं. तिथेच दगडावर बसून राहिलो.

बोरगावहून सुरगाण्याच्या वाटेला उतार बराच आहे, पण मला उतारही झेपेना. शेवटी एक जीप थांबवली. ड्रायव्हरनं सायकल टपावर भाताच्या पोत्यांमागे बांधायला घेतली. सीट दोरीत येईना, म्हणून त्यानं ताईनं बसवलेली हातानं उघडणारी कळ सोडली आणि सीटची दांडी ढकलून पार आत घातली.

मी आत बसलेल्या बायांच्या गर्दीत अंग चोरून बसलो. एवढ्या लांब सायकल आणून जीपमध्ये कशाला बसलात, असं एकीनं विचारलं. मी गुडघा दाखवला. तिनं सहानुभूतीनं मान हलवली आणि शेजारणीला सांगितलं, "सायकल लबाड हाय." मला ते फार लागलं. ताईच्या हातची कुठलीच वस्तू आजवर कोणी लबाड म्हटली नव्हती.

यशोदाबाईंचा पाडा

यशोदाबाई सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावर राहतात. गावच्या 'आशा' आरोग्यसेविकेचं काम करतात. बाळंतिणींना बघायला, लसी-गोळ्या घेऊन डोंगरातल्या वस्त्यांवर फिरणं. कंबरदुखीसाठी नाशिकला आल्या असताना त्यांना कोणीतरी ताईकडे पाठवलं होतं. ताईनं त्यांना साडी नेसून बसता यावं म्हणून आडवी नळी खाली उतरवलेली, गिअरची सायकल करून दिली, आणि तेव्हापासून दर मार्गशीर्षात ताईचा मुक्काम त्यांच्याकडे असायचा. ती अंगणात उभी होती. आठ पावसाळे खाल्लेली, चेन तेल लावलेली, घंटी चकचकीत. वाटेनं जाणारी माणसं तिला "ताईची सायकल" म्हणत होती. यशोदाबाईंची म्हणत नव्हती. मी तिच्याशेजारी माझी टेकवली तेव्हा मला लाज वाटली.

ताई गेल्याचं यशोदाबाईंना कळलं होतं. त्यांनी मला पाहिलं, सायकल पाहिली. तांब्याभर पाणी दिलं. जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं भुजं आणि खुरासणीची चटणी. भुजं म्हणजे भाजून भरडलेल्या उडदाचं दाट कालवण, आणि खुरासणी म्हणजे कारळे. आमच्या घरात उडीद पापडासाठी आणि श्राद्धाच्या वड्यांसाठी एवढाच येतो. इथं तो रोजचा आहे आणि पोटाला धरून राहतो. मी दुसरी भाकरी घेतली तेव्हा यशोदाबाई म्हणाल्या, "तुमची बहीण तीन खायची." ताईबद्दलचं त्या दिवशीचं त्यांचं हे एकच वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीट पुन्हा वर घ्यायची होती. मी हातमोजा काढला आणि अंगणात सायकलपाशी गेलो. पडवीत यशोदाबाई नवी चूल घालत होत्या. थोरल्या मुलाचं लग्न वैशाखात झालेलं. सून मीना आता वेगळी चूल मांडणार होती. लाल माती, शेण आणि भाताचं तूस कालवून मळलेला मोठा गोळा पुढ्यात होता. चुलीच्या दोन बाजू उठल्या होत्या. आता उंची धरायची होती.

"मीने, हात दे."

मीना पिठाच्या हातानं आली. ती खाली बसली, ओल्या मातीवर तिनं पंजा ताणला, आणि तिची करंगळी जिथं टेकली तिथं यशोदाबाईंनी काडीनं रेघ मारली. मग वैलाच्या, म्हणजे चुलीच्या बाजूच्या आळ्याच्या, तोंडासाठी चार बोटं, तीही मीनाचीच. मीना उठून आत गेली. सारं इतक्या सहज झालं, की मी विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलं नसतं.

मी विचारलं, माती तुम्ही मळली, चूल तुम्ही घालताय, मग वीत तिची का?

शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये का, अशा नजरेनं यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "रांधायचं तिला हाय. माझ्या विताची केली, तर ती रोज ढुंगण वर करून फुंकर घालंल." आतून मीनाच्या हसण्याचा आवाज आला. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "तो ताईचा मोजा ना? त्याचं काय करताय?"

मी सगळं सांगितलं. वही, दोन ओळी, वीत, गुडघे. त्यांनी मातीचे हात मांडीवर ठेवून ऐकलं.

"सायकलवर ताई बसणार होती का?" त्या म्हणाल्या.

मला गेल्या वर्षीची भाऊबीज आठवली. ओवाळून झाल्यावर ताईनं माझा उजवा हात ओढून घेतला होता, पाटावर पसरला होता आणि त्याखाली स्टीलची पट्टी सरकवली होती. मी म्हणालो होतो, "भविष्य बघतेस का?" ती म्हणाली होती, "बघते." मी ती थट्टा समजलो आणि फराळाकडे वळलो.

तीन टेप हरवणाऱ्या माणसासाठी टेपातलं माप लिहून उपयोग नाही, हे तिला ठाऊक होतं. वाटेत सीट खाली गेली, कोणी ढकलली, कुठं उतरवली, तर या माणसाजवळ काय असेल? त्याचा हात असेल. पुस्तकात खूण म्हणून तो ठेवता येत नाही. इतर सगळ्यांना तिनं सायकल दिली होती. मला सायकल आणि ती दुरुस्त करायची रीत, दोन्ही दिलं होतं. आणि मी चार महिने तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं मनात धरून बसलो होतो.

मोजा पिशवीत ठेवला. पायडलच्या मधल्या दांड्यापासून वर माझी वीत टेकवत गेलो. एक, दोन, तीन. मग चार बोटं. सीट जिथं आली ते बघून मला भीती वाटली. नाशकात बांधली होती त्यापेक्षा अर्ध्या वितीहून जास्त वर. कळ आवळली. यशोदाबाईंनी मातीच्याच हातानं सायकल धरली आणि मी बसलो. जमिनीला फक्त चवडे टेकत होते.

"पडाल," त्या म्हणाल्या.

"पडेन," मी म्हणालो.

अंगणाला तीन फेऱ्या मारल्या. पडलो नाही. पाय खाली जाताना प्रथमच जवळजवळ सरळ होत होता, आणि गुडघा काही म्हणत नव्हता. यशोदाबाई पुन्हा चुलीकडे वळल्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आता बघा, सायकल हाय."

परत, चढावर

गुडघे शांत व्हावेत म्हणून एक दिवस पाड्यावरच राहिलो आणि नंतर पहाटे न निघता सावकाश, ऊन आल्यावर निघालो. येताना जीपमध्ये बसून उतरलेला सगळा रस्ता आता चढायचा होता. चवडे टेकणाऱ्या सीटवरून चढ कसा दिसतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं. रस्ता दूरपर्यंत दिसतो. हँडल अजून जवळच होतं आणि खांद्यांना ते खटकत होतं, पण पाय गोल फिरत होते. सागाची पानं वाळून रस्त्यावर आली होती, चाकाखाली पापडासारखी मोडत. सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मागचं मोठं चक्र कामाला लागलं. माणूस चालेल त्याहून थोडासाच वेग, पण अखंड.

दोनदा थांबलो. एकदा पाण्यासाठी आणि एकदा चष्मा पुसायला. उतरून ढकलावी लागली नाही. वरच्या वळणाआधी मागून एक जीप आली, शेजारी मंद झाली. परवाचाच ड्रायव्हर होता. त्यानं खिडकीतून सीटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काका, टपावर टाकू का?"

"नको."

"नवीन घेतली काय?"

"तीच आहे," मी म्हणालो. "माझ्या बहिणीनं केलेली." दम लागलेला असताना एवढं मोठं वाक्य बोलायची गरज नव्हती, पण मला ते बोलायचं होतं. तो हॉर्न वाजवून पुढे गेला. बोरगावला पळसाच्या पानावरची स्ट्रॉबेरी मी उभ्यानं खाल्ली. विकणाऱ्या बाईनं मला ओळखलं आणि गुडघा कसा आहे विचारलं. पुढे घाट उतरताना, जिथं जिथं मी सायकल हातात धरून चाललो होतो ती वळणं एकामागून एक मागे गेली.

पुन्हा नाशिक

रफिकभाईंनी दुकानाच्या दारातूनच सीट पाहिली आणि हातातला पाना खाली ठेवला. मी म्हणालो, आता पायाचं माप घ्या. पुस्तक नको, फळी घेतो म्हणाले. मी म्हणालो, पुस्तकच आणलंय. माझं स्वतःचं, जुनं, जाड पुठ्ठ्याचं. आधी ते कपाळाला लावलं आणि मग भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

ताईचा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर आहे. पायाची लांबी इतकी, तर सीट इतकी. रफिकभाईंनी आकडा काढला: सातशे पस्तीस मिलिमीटर. मग टेप सायकलला लावला. मी ज्या उंचीवर सीट बांधून डोंगरातून आलो होतो, ती सातशे छत्तीस भरली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा सातशे छत्तीस.

"एक मिलिमीटर," मी म्हणालो.

"तो तुमचा सर," ते म्हणाले. "ताईंचा नाही."

मग त्यांनी ताईच्या डब्यातली ती लांब स्टेम काढली आणि बसवली. सीटपासून हँडलपर्यंत मी हात टेकवला. दोन वीत, सात बोटं. कुठंही फट नाही. इतके महिने ती डब्यात होती आणि आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहून ताई चुकली असं ठरवलं होतं. रफिकभाईंनी तिच्यावरची धूळ दोनदा पुसली. दुसऱ्यांदा पुसायला तिथं काही उरलं नव्हतं.

वही उघडून ते म्हणाले, मिलिमीटर लिहून ठेवू का? मी हो म्हटलं. ताईच्या ओळींखाली त्यांनी पेन्सिलीनं आकडे लिहिले. मग वही माझ्यापुढे सरकवली.

"आणि वीत कोणाची, ते लिहा. नाहीतर पुढं वाचणारा पुन्हा मोजा शोधत बसेल."

ताईच्या अक्षराशेजारी माझं अक्षर फार वाकडं दिसतं. तरी जागा पाहून, 'तीन वीत'च्या आधी, मी लिहिलं: *माझ्या*.